घरची सात नंबरची बाटली

९ जानेवारी

सर म्हणतात, संशोधन करणाऱ्याकडे दोन वह्या हव्यात. एक प्रयोगांची, एक वैतागाची. पहिली लॅबमध्ये असते. दुसरी आजपासून ही.

वैताग पहिल्याच दिवशी मिळाला. बेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं म्हणून लॅबमधली पोरं मला 'काकू' म्हणायला लागली. पंधरा वर्षं पॅथॉलॉजीत टेक्निशियन होते, ही पोरं दूध पीत होती तेव्हापासून पिपेट धरतेय. पण काकू तर काकू.

विषय मूत्राशयाचा कॅन्सर. हा आजार काढला तरी परत येतो, म्हणून रुग्णाला दर काही महिन्यांनी दुर्बीण घालून आतून तपासावं लागतं. ती दुर्बीण कुठून घालतात हे जेवताना सांगितलं तर नवऱ्यानं खुर्चीतच पाय जवळ घेतले. ती टळावी, निदान कमी वेळा लागावी, यासाठी लघवीतच काही खूण सापडते का ते आम्ही शोधतोय. साधा आरएनए लघवीत टिकत नाही. त्याला दोन टोकं असतात आणि त्याला खाणारी एन्झाइमं टोकापासून कुरतडत जातात. पण एक प्रकार गोल असतो, टोकाला टोक जुळलेला. त्याला टोकच नाही, तर कुरतडणार कुठून? तो टिकतो. आणि त्यातला एक कॅन्सरच्या पेशींत भरमसाट बनतो, असा सरांचा कयास आहे.

सासूबाई भाजी वाढत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे बांगडी म्हण की."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. उद्या लॅबमध्ये सांगते.

१० जानेवारी

सांगितलं. आता सगळे बांगडीच म्हणतात. सरसुद्धा.

१७ जानेवारी

आमच्या लॅबमध्ये एक रीत आहे. नवीन माणसानं रुग्णांच्या नमुन्यांना हात लावण्याआधी दहा निरोगी माणसांचे नमुने स्वतः गोळा करून आणायचे, घरातून आणि शेजारपाजारातून. त्यांना 'घरचे' म्हणतात. सरांचं म्हणणं, जो सख्ख्या माणसाकडे लघवी मागायला लाजत नाही तो पुढे कशालाच लाजत नाही.

अट एकच, साठीपुढचे पुरुष. बायकांचे का नकोत, असं मी विचारलं. "हा आजार पुरुषांत कितीतरी जास्त. आधी एक बाजू नीट करू, बायकांचं नंतर," सर म्हणाले. बरोबरच आहे तसं. सगळं एकत्र कालवलं तर काहीच कळायचं नाही.

शेजारच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांकडे गेले. एकानं दार लावून घेतलं. दुसऱ्यानं विचारलं, "किती हवी? पुढच्या आठवड्यात चालेल का?" सकाळी फिरायला जाणाऱ्या चौघांनी मात्र एका दमात हो म्हटलं, नि वर आपसात पैज लावली, कुणाची उत्तम निघते त्याची.

घरून बाबा, म्हणजे सासरे. खूश झाले. संमतीचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला. रंग, रबर, चामडं यांच्या कारखान्यात काम केलं आहे का, असा प्रश्न त्यात असतो, कारण रंगातल्या काही रसायनांनी हा आजार होतो.

"कारखाना रंगाचाच," बाबा म्हणाले, "पण मी हिशेबाच्या टेबलावर. रंगाच्या हौदाशी ही असायची."

"वीस वर्षं माझी नखं निळी," सासूबाई हसल्या. "लग्नात ह्यांच्या मावशीला वाटलं, मुलगी भलतीच नटवी दिसतेय."

मीही हसले आणि बाबांच्या कागदावर 'नाही'पुढे खूण केली.

२१ जानेवारी

आज बाटल्यांचा दिवस. सकाळची पहिली, खुणेच्या रेघेपर्यंत. नऊ जणांच्या बाटल्या आल्या, आमच्याच घरात घोडं अडलं. बाबा मोरीत शिरले ते शिरलेच. आत नळ सुरू, बंद, पुन्हा सुरू. बर्फाचा डबा घेऊन मी दाराशी उभी, सुनेनं असं उभं राहणं म्हणजे दोघांनाही ओशाळवाणं. शेवटी स्वयंपाकघरात निघून गेले.

सासूबाईंना तर हल्ली अजिबात थांबवत नाही. त्या "अहो, आटपा हो लवकर" करत तिथेच येरझाऱ्या घालत होत्या. मग दोघांचं काहीतरी कुजबुजणं, दार उघडलं, लागलं, उघडलं. थोड्या वेळानं बाबा आले. बाटली रेघेच्याही वर भरलेली. शर्यतीत पहिलं आल्यासारखी माझ्या हातात दिली.

"वा, बाबा!" मी म्हटलं.

त्यांनी खिडकीकडे बघत "हं" केलं. बिचारे लाजले. घरचे, यादीतला नंबर सात.

३ फेब्रुवारी

सासूबाईंना पुन्हा लघवीला जळजळ. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पुन्हा त्याच गोळ्या दिल्या. ते म्हणाले, या वयात बायकांना होतच असतं. मी भरपूर पाणी प्या म्हटलं. ते तर मी सगळ्या जगाला सांगत असते.

लॅबमध्ये दोन दिवस नमुने गरगर फिरवायचं सेंट्रिफ्यूज बंद. वैताग.

१० फेब्रुवारी

दहा घरचे नमुने मोजले. आधी एन्झाइम घालून टोकं असलेला सगळा आरएनए खाऊन टाकू दिला, मग उरलेल्यात बांगडी शोधली. नऊ नमुने आलेखाच्या तळाला चिकटलेले, जसे हवेत तसे. सात नंबर वर. थोडासा नव्हे, चांगलाच वर.

बाबांचा नमुना सात नंबर.

काहीतरी माझंच चुकलं असणार. एन्झाइम नीट मिसळलं नसेल.

१३ फेब्रुवारी

पुन्हा केलं. पुन्हा वर.

आमच्या लॅबमध्ये एक थोरल्या संशोधक बाई आहेत. त्यांचं प्रत्येक वाक्य 'परंतु'नं सुरू होतं, म्हणून सगळे त्यांना परंतुताई म्हणतात. त्यांना आकडे दाखवले. "परंतु पिपेट तपासलंस का? परंतु बाटली आपलीच होती का? परंतु तुला सर्दी होती ना?" माझ्या सर्दीचा काय संबंध, देव जाणे. सगळं तपासलं. पिपेट ठीक, बाटली आपली, सर्दी गेली.

१५ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. त्यांनी पहिला नियम सांगितला: ही चाचणी अजून सिद्ध झालेली नाही, तिच्या आकड्यावरून कुणालाही काही सांगायचं नाही. उगाच माणूस घाबरतो. दुसरी बाटली आण, म्हणाले.

नियम मला पटतो. पण माणूस माझ्या घरातला आहे, रोज समोर बसून चहा पितो, वर मला म्हणतो, "कसं चाललंय आमचं संशोधन?"

१८ फेब्रुवारी

बाबांना म्हटलं, पहिली बाटली सांडली, दुसरी द्या. आधी कुरकुरले, मग दिली. या वेळी मोरीपाशी मी गेलेच नाही.

२० फेब्रुवारी

सासूबाईंनी विचारलं, बीट खाल्लं तर दुसऱ्या दिवशीही लाल होतं का गं?

होतं, म्हटलं. काही लोकांच्या लघवीत तसा रंग उतरतो, घाबरण्यासारखं काही नसतं. नेमकं का उतरतो तेही सांगत बसले. त्या "बरं" म्हणाल्या. सेंट्रिफ्यूज पुन्हा बंद, मी दुरुस्तीवाल्याला फोन लावत होते.

२४ फेब्रुवारी

दुसरी बाटलीही वर. पहिलीपेक्षा थोडी जास्तच.

म्हणजे पिपेट नाही, एन्झाइम नाही, मीही नाही. बाबा.

२७ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. नियम मोडला, मोडला तर मोडला. तो म्हणाला, "तुझी चाचणी चुकीची असू शकते ना?" म्हटलं, असू शकते. "मग चुकीची निघू दे," तो म्हणाला.

मलाही तेच हवंय. लॅबचं दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं तरी चालेल. असं मी लिहितेय खरं, पण सकाळी लॅबमध्ये बसले की वाटतं, बांगडीनं निरोगी दिसणाऱ्या माणसात आजार पकडला तर केवढी मोठी गोष्ट! असं वाटल्याचीच मला लाज वाटते.

२ मार्च

बाबांना कारण न सांगता तपासणीला न्यायचं ठरलं. "या वयात एकदा सगळं बघून घ्यावं," नवरा म्हणाला.

"मला काय धाड भरलीय?" बाबा.

"लघवीला वेळ लागतो ना तुम्हाला?" मी विचारलं.

ते कानापर्यंत लाल. मग म्हणाले, "कुणी सांगितलं तुला?" आणि सासूबाईंकडे असं बघितलं, जसं काही त्यांनी घर फोडलं. त्या चटकन उठल्या आणि आत गेल्या. नवरा-बायकोत त्यांचं त्यांचं काही असेल. पण बाबा तयार झाले.

१२ मार्च

दुर्बीण झाली. युरॉलॉजिस्ट डॉक्टरीणबाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. मूत्राशय आतून एकदम स्वच्छ. प्रोस्टेट वाढलेली, त्यामुळे धार अडते, गोळ्यांनी बरं वाटेल. बाकी काही नाही.

बाबा बाहेर येऊन म्हणाले, "शत्रूवरसुद्धा अशी वेळ येऊ नये." सासूबाईंनी त्यांना घरून आणलेला चहा दिला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मी स्वच्छतागृहात जाऊन रडून आले. बरं वाटलं म्हणून.

१४ मार्च

सर म्हणाले, झालं तर मग, सात नंबर खोटा पॉझिटिव्ह. दहात एक, चालतं, त्याच्यावर रेघ मार.

परवा बरं वाटलेलंच आज डोक्यात जातंय. दोन बाटल्या, तीन वेळा मोजणी, दर वेळी वर. चूक असती तर कधी वर, कधी खाली असायला हवं होतं. हे खोटं असेल तर फार मन लावून बोललेलं खोटं आहे.

२० मार्च

परंतुताई डबा खाता खाता म्हणाल्या, "परंतु तो नमुना त्यांचाच आहे कशावरून?"

मी चिडले. माझ्या हातात दिलाय त्यांनी. माझ्याच घरात.

"परंतु फ्रीजरमध्ये अदलाबदल झाली असेल. बघायला काय जातंय?"

एक आरएनए फक्त बायकांच्या पेशींत असतो, पुरुषांच्या नाही. आमच्या अभ्यासात सगळे पुरुष, म्हणून तो कुणी कधी तपासलाच नाही. सात नंबरच्या दोन्ही बाटल्यांतला एन्झाइम न घातलेला थोडा थोडा भाग शिल्लक आहे. उद्या लावते. निदान परंतुताईंचं तोंड तरी बंद होईल.

२२ मार्च

दोन्ही बाटल्यांत बाई आहे.

बाकीच्या नऊ जणांत नाही. फक्त सातमध्ये आहे, ठसठशीत. परंतुताईंचं तोंड बंद झालं, माझंही झालं.

सर म्हणाले, कुणा स्त्री रुग्णाच्या नमुन्याशी अदलाबदल झाली. मी म्हटलं, सर, आपल्या फ्रीजरमध्ये बायकांचा एकही नमुना नाही. आपण घेतच नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. पुढचा अंदाज असा की हाताळताना माझ्याच हाताची कातडी किंवा थुंकी पडली. दोनदा? फक्त सातमध्ये? तरी उद्या स्वतःचा नमुना लावते. पुरुषांच्या अभ्यासात आता पहिली बाई मीच.

२४ मार्च

माझी बांगडी तळाला. अगदी सपाट. मी नाही.

तर मग कोण, असं मी चक्क मोठ्यानं म्हटलं आणि खुर्चीवर बसले. त्यानंतर काय ते माझ्या ध्यानात आलं. परंतुताई काहीतरी विचारत होत्या. मी पिशवी उचलली आणि घरी निघाले.

बाबा पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "बाबा, ती बाटली कुणी भरली होती?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. किती वेळ नुसते त्या पेपराच्या घड्या घालत बसले.

"मला येईना गं," ते म्हणाले. "तू बाहेर बर्फ घेऊन उभी. चार थेंब आले. ही म्हणाली, आणा इकडे, मला तर बसल्या जागी येते. पाणीच ते. तुझा खोळंबा नको म्हणून."

"दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी सवय झाली होती."

"सांगायचं नाही का मला?"

"सुनेला काय सांगू, सासऱ्याला नीट होत नाही म्हणून? आणि तू तरी कधी विचारलंस?" मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज बदलला. "का गं? काय निघालं त्यात?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात पदराला पुसत. मी उठले आणि त्यांना विचारलं, "आई, ते बीट तुम्ही शेवटचं कधी खाल्लं?"

त्या म्हणाल्या, "बीट मला आवडतच नाही."

२५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी तातडीनं वेळ दिली. सासूबाईंनी सगळं त्यांना सांगितलं, शांतपणे, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. जळजळ वर्षभराची. लाल अधूनमधून, उधारी बुडवणाऱ्यासारखं कधी येतं, कधी तोंड चुकवतं. गोळ्या घेतल्या की दिसेनासं व्हायचं, म्हणून वाटायचं, बरं झालं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी लाल झाल्याचं विचारलं नव्हतं, यांनी सांगितलं नव्हतं.

"आधी काय काम करायचात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कापड रंगवायचं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

२ एप्रिल

दुर्बीण. गाठ आहे. उजव्या भिंतीवर, शेंगदाण्याएवढी, शेवाळासारखी झुलत होती म्हणे. ती काढायला पुढच्या आठवड्यात पुन्हा नेणार.

घरी आल्यावर बाबा एकटे गच्चीत जाऊन बसले. बोलवायला गेले तर म्हणाले, "मी त्या दिवशी मोरीत जरा आणखी थांबलो असतो तर?"

मी म्हटलं, "बाबा, थांबला असतात तर आपल्याला कळलंच नसतं." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नाही. खरंच तसं आहे. ते तरीही रडले. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना बघितलं, शेजारी बसून राहिले.

१६ एप्रिल

गाठीचा रिपोर्ट आला. वाईट जातीची, पण आतल्या अस्तराच्या जरा खालीच पोचलीय, स्नायूत शिरलेली नाही. मूत्राशय वाचेल. दर आठवड्याला नळीनं आत औषध सोडायचं, मग दर तीन महिन्यांनी दुर्बीण, पुढची कित्येक वर्षं.

"आणखी एखादं वर्ष त्या गोळ्यांवर काढलं असतं तर वेगळं बोलावं लागलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

म्हणजे ज्या रुग्णांची दुर्बीण टळावी म्हणून मी हे काम करतेय, त्यांच्यातल्या एक आता माझ्या स्वयंपाकघरात भाजी चिरत असतात.

२३ एप्रिल

सरांकडे गेले. म्हटलं, बायकांचे नमुने घ्यायचे. ते म्हणाले, वर्ष वाढेल, नैतिकता समितीला पुन्हा विचारावं लागेल, आणि तू तुझ्या सासूबाईंमुळे... मी म्हटलं, सर, आपल्या चाचणीनं आजवर एकच निरोगी समजलेला आजारी माणूस पकडलाय, आणि तो आपण घेतच नाही अशा वर्गातला आहे. आवाज चढला असावा, कारण बाहेर पोरं पिपेट हातात धरून उभी होती.

"परंतु काकू बरोबर बोलतेय," दारातून आवाज आला.

सरांनी कागद पुढे ओढला.

१५ जुलै

आज सासूबाईंची तीन महिन्यांची दुर्बीण झाली. आत स्वच्छ. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, स्वच्छ. बाबांनी तिसऱ्यांदा विचारून घेतलं.

सकाळी निघण्याआधी बाटली घेतली. समितीची परवानगी गेल्याच आठवड्यात आली, त्यामुळे बायकांच्या अभ्यासातली ही पहिली. सासूबाईंना मोरीत जायला-यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसले होते, पहाऱ्याला.

मी खिशातून पेन काढलं. सासूबाईंनी विचारलं, "काय लिहितेस त्यावर?"

"नंबर. आमच्याकडे नावं लिहीत नाहीत."

"मागच्या दोन्ही ह्यांच्या नावावर गेल्या," त्या म्हणाल्या. "ही माझ्या नावावर लाव."

मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचं नाव लिहिलं. अख्खं, लग्नाआधीच्या आडनावासकट, त्यांनी सांगितलं तसं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि बाटली बर्फात स्वतःच्या हातानं ठेवली.

लॅबमध्ये जाऊन नियमाप्रमाणे नंबराची चिठ्ठी लावली. नावाच्या शेजारी लावली, नावावर नाही.